बहिणीचा हिस्सा आणि उसाची नोंद



लागणीच्या नोंदी घेत आम्ही तामलवाडी भागात फिरतो, तेव्हा बेणे-खताच्या चौकशीबरोबर एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, वडील वारले, आता नोंद कुणाच्या नावे धरायची?" उत्तर सातबाऱ्यावर असते, आणि सातबारा घरच्या भांडणात अडकलेला असतो. आम्ही शेतकी खात्याची माणसं, वकील नव्हे. तरी हा हिशेब गुंठ्यात मांडला तर कुणालाही समजेल.

सांगलीचा एक गाजलेला दावा घ्या. मगदूम घराण्यातले कर्ते पुरुष १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी वाटपाचा दावा लावला. सांगलीच्या कोर्टाने त्यांना चोविसावा हिस्सा दिला, हायकोर्टाने चोविसात सात, आणि सुप्रीम कोर्टाने तेच कायम केले ते १९७८ साली.

आता सहा एकर, म्हणजे २४० गुंठे वडिलोपार्जित रान समजा. त्या वेळच्या कायद्याने आधी वडील, आई आणि दोन मुलगे असे साठ-साठ गुंठ्यांचे चार वाटे पडायचे. मग वडिलांचे साठ गुंठे सहा वारसांत दहा-दहा. म्हणजे आई आणि मुलग्यांना सत्तर-सत्तर गुंठे, मुलींना फक्त दहा-दहा.

तो हिशेब आता मोडला. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना हक्क दिला, पण त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार झाली. लग्न केव्हा झाले याला महत्त्व राहिले नाही. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असेही नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. तेच घर आज असते तर आई, मुलगे, मुली सर्वांना चाळीस-चाळीस गुंठे, म्हणजे एकेक एकर. २० डिसेंबर २००४ पूर्वी रजिस्टर दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. मृत्युपत्र असेल तर हिशेब वेगळा, आणि मुस्लिम सभासदांना त्यांचा वारसा कायदा लागू आहे.

"लग्नात एवढा खर्च केला, तिचा वाटा फिटला," असे पारावर ऐकू येते. कायदा हे मानत नाही. बहिणीला वाटा सोडायचाच असेल तर तो तिच्या राजीखुशीने आणि रजिस्टर हक्कसोडपत्रानेच. कोऱ्या कागदावरचा अंगठा पुढे भाच्यांच्या दाव्यात उभा राहतो.

कुणी म्हणतो, फॅमिली कोर्टात जाऊ. १९८४ च्या कायद्याने आलेली ही कोर्टे नवरा-बायकोचा बेबनाव, पोटगी, मुलांचा ताबा यांसाठी आहेत. भावा-बहिणींतला जमिनीचा दावा दिवाणी कोर्टात, आणि तोही जमीन जिथे तिथेच. आपल्याला सोलापूर जवळ असले तरी गाव तुळजापूर तालुक्यातले, हे ध्यानात ठेवा. हुकूम झाला तरी प्रत्यक्ष सरस-निरस वाटप कलेक्टरांकडून व्हायचे, मग मोजणी. हिराबाईंचा दावा पंधरा वर्षे चालला. तेवढ्यात रानात किती लागणी आणि किती खोडवे निघतील याचा हिशेब तुम्हीच करा. तुरा आलेला ऊस तारखेसाठी थांबत नाही, वजन घटतेच.

सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप होते. आई-वडील हयात असतानाच हे उरकलेले बरे, असे आमचे मत. बहिणीला रान नको, रक्कम हवी असेल तर तेही कागदावर घ्या.

शेअरचेही तसेच. नॉमिनी म्हणून थोरल्याचे नाव लावले म्हणजे तो एकटाच वारस होत नाही. येत्या हंगामाच्या नोंदीला येताना वारसाचा फेरफार मंजूर झालेला सातबारा आणावा. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीला पंधरा दिवस असतात, तेव्हा तलाठ्याकडे लवकर जा.