लेकीला भेट... चक्क रायफल!

लेकीला पहिली नोकरी लागली, तिचा पंचविसावा वाढदिवस आला किंवा लग्न ठरलं, की आपण तिला काय देतो? साडी, कानातलं, पाटल्यांची जोडी. फार तर मोबाईल नाही तर स्कूटी. आणि यातलं बरंचसं आपणच पसंत करतो. "तिला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणत घरी आणतो. लेक "छान आहे गं आई" म्हणते आणि वस्तू कपाटात जाते.

पण लेकीनं स्वतःच्या तोंडानं रायफल मागितली तर?

हसू नका मैत्रिणींनो! आमच्या वसईत एका घरात हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. महिला मंडळाच्या कामातून ओळख झालेली ही मैत्रीण. तिची मुलगी सव्वीस वर्षांची, गोरेगावला नोकरी करते. कॉलेजात एनसीसीत असताना ती नेमबाजी करायची. हात चांगला बसला होता. पुढे परीक्षा, नोकरी, लोकलचे धक्के, यात सगळं सुटलं. नोकरीत जरा स्थिरावली आणि एक दिवस म्हणाली, "आई, माझ्या लग्नासाठी पाटल्या करणार आहेस ना? त्या नकोत. त्या पैशांत मला रायफल घेऊन दे."

झालं! आजीनं कपाळाला हात लावला. वडील म्हणाले, "घरात बंदूक? स्थळं घेऊन येणारे काय म्हणतील?" काकांनी तिसरंच सुचवलं. "एवढे पैसे कशाला घालवता? आजोबांची बाराबोरची बंदूक पडून आहे, ती द्या तिला. पूर्वी रानडुकरं मारायचे तिनं." मैत्रीण गोंधळून माझ्याकडे आली. "ताई, तुम्ही बायकांचे सरकारी कागद करून देता. तुम्हीच सांगा, यातलं खरं काय?"

मग आम्ही दोघींनी मिळून माहिती काढली. कायदा वाचला, खेळणाऱ्या मुलींशी बोललो, प्रशिक्षकांना विचारलं. तीच माहिती आज तुमच्यासमोर ठेवते.

शिकारीची बंदूक नकोच

आधी काकांचा सल्ला बाजूला ठेवू. परदेशात काही ठिकाणी बाप मुलीला शिकारीची रायफल भेट देतो आणि दोघं जंगलात जातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेची शिकार बंद केली. शेताची नासधूस करणाऱ्या रानडुकरावरसुद्धा आपल्या मनानं गोळी झाडता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते. आपल्या उशाशी असलेलं तुंगारेश्वर तर अभयारण्यच आहे.

आणि चोरून केलेली शिकार काय करते, ते आपल्या पालघर जिल्ह्यानं पाहिलं आहे. २०२५ च्या जानेवारी अखेरीस मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांची टोळी डुकराच्या शिकारीला गेली. आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी झाडली गेली आणि माणूस जिवानिशी गेला.

दुसरं म्हणजे, आजोबांची बंदूक ही काही आजीची नथ नव्हे, की आज माझ्या हातात आणि उद्या नातीच्या. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना माणसाच्या नावावर असतो. परवाना नसलेल्याच्या हाती बंदूक सोपवली तर घेणाऱ्याइतकाच देणाराही अडकतो. घरात अशी बंदूक पडून असेल आणि परवानाधारक हयात नसेल, तर आधी पोलीस ठाण्यात जाऊन तिची रीतसर वाट लावा. हे मी सगळ्याच वाचकांना सांगते. अशा बंदुका कितीतरी घरांत माळ्यावर धूळ खात असतात.

"पण ताई, मुलगी रात्री एकटी येते, संरक्षणाला होईल की!" असंही कुणीतरी म्हणालंच. नाही हो. खेळाची रायफल चार-पाच किलोची, पेटीत बंद करून न्यायची. ती संरक्षणाची वस्तू नाही. तो विचार मनातून काढूनच पुढे जा.

मग कुठली रायफल?

खेळासाठी मुख्यतः दोन प्रकार. पहिली एअर रायफल. हवेच्या दाबावर चालते, दहा मीटरवरून नेम धरायचा, छर्रा ४.५ मिलिमीटरचा. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका असतो अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे छर्ऱ्यापेक्षाही लहान! अशा साठ गोळ्या सव्वा तासात मारायच्या. श्वास, डोळा, बोट आणि मन, सगळं ताब्यात हवं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तरी खरेदी अधिकृत दुकानातूनच करा, ओळखपत्र द्या आणि पावती जपून ठेवा.

दुसरी 'पॉइंट टू टू', म्हणजे ०.२२ ची. पन्नास मीटरवरची, खऱ्या काडतुसांची. तिला परवाना लागतोच. परवान्यासाठी सर्वसाधारणपणे वयाची एकवीस वर्षं पुरी हवीत आणि पोलीस चौकशी होते. खेळाडूंसाठी काही वेगळ्या तरतुदी आहेत. वसई-विरारला २०२० पासून मीरा-भाईंदरसह स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा आपला अर्ज तिथे जातो. सुरुवात करणाऱ्या किंवा मधे खंड पडलेल्या मुलीनं एअर रायफलच घ्यावी, असंच आम्हाला सगळ्यांनी सांगितलं.

वय निघून गेलं का?

"सव्वीस वर्षांची घोडी, आता कसले खेळ?" हे आजीचं म्हणणं. तर आजींसाठी काही नावं सांगते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, सहाशेपैकी ५९७ गुण मिळवून. तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली उतरल्या तेव्हा चाळिशीच्या! मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतूनच या खेळात आल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या. पनवेलच्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये आशियाई स्पर्धेत चारशेपैकी चारशे गुण घेतले. पुढे त्यांनी शिकवलेल्या अवनी लेखरानं व्हीलचेअरवर बसून टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. आणि उत्तर प्रदेशातल्या चंद्रो तोमर आजींनी तर नातीबरोबर रेंजवर जाता जाता साठी उलटल्यावर पिस्तूल हाती धरलं.

कोल्हापूरची तर गंमतच आहे. राधानगरी-दाजीपूरचं जंगल एकेकाळी संस्थानचं शिकारीचं रान. १९५८ मध्ये ते अभयारण्य झालं. त्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला रायफलमध्ये ऑलिंपिक कांस्यपदक आणलं. शिकार संपली, पण नेम राहिला!

पदकं सगळ्यांना मिळत नाहीत, हे मलाही कळतं. पण आपली लेक पदकासाठीच खेळली पाहिजे, असं थोडंच आहे? आठवड्याभराच्या गर्दीतून, ऑफिसच्या ताणातून दोन तास ती एका ठिपक्याकडे बघत शांत उभी राहिली, तर तेही कमी नाही.

गुपचूप आणू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही भेट सरप्राइज म्हणून आणताच येत नाही! पाटली थोडी सैल झाली तर चालते, रायफल चालत नाही. खांद्यापासून ट्रिगरपर्यंतची लांबी, गाल टेकतो त्या भागाची उंची, मुठीची जाडी, सगळं जिची तिच्या मापाचं लागतं. नियमानं एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. पण बारीक चणीच्या मुलीनं एवढं वजन पेलायलाच हवं असं नाही. डावखुऱ्या मुलीसाठी मूठ आणि रचनाही वेगळी.

डोळ्याचीही गंमत आहे. दोन्ही हात समोर ताठ धरून पंज्यांचा लहानसा त्रिकोण करा. त्यातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दोन्ही डोळ्यांनी पाहा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं घड्याळ त्रिकोणातच दिसतं, तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या काही मुलींचा मुख्य डोळा डावा निघतो. हे रायफल घेण्याआधी कळलेलं बरं.

म्हणून आधी क्लबच्या रायफलवर निदान सहा महिने सराव होऊ द्या. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, आणि वसई रोडहून दिवामार्गे पनवेलला मेमू जाते. प्रवास सोपा नाही, पण तो झेपतो का हेही त्या सहा महिन्यांतच समजतं.

खर्चाचंही स्पष्ट बोलू. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी एअर रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या वर गेलाय, म्हणजे हिशेब पाटल्यांच्या जोडीचाच. देशी बनावटीची साधी रायफल त्यामानानं पुष्कळ स्वस्त, सुरुवातीला पुरते. पण खर्च रायफलवर थांबत नाही. जाड कापडाचं जॅकेट, पँट, बूट, रेंजची फी आहेच. छर्ऱ्यांच्या डब्यात साधारण पाचशे नग असतात. रोज साठ मारले तर डबा आठ दिवसांत संपतो. जुनी रायफल घ्यायची तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी बघा. त्यांची मुदत साधारण दहा वर्षांची असते. मूळ पावतीशिवाय व्यवहार करू नका.

घरात ठेवताना

एअर रायफल खेळणं नव्हे. छर्ऱ्यानं डोळा जाऊ शकतो. रायफल पेटीत, पेटीला कुलूप, छर्रे दुसऱ्या कपाटात. भरलेली रायफल घरात कधीच नको. गच्चीवरून कबुतरं, मांजरं टिपणं तर मुळीच नाही. आणि एक नाजूक गोष्ट. घरात कुणी दारू पिऊन तमाशे करत असेल, कुणी फार निराश असेल, तर रायफल घरी आणूच नका. क्लबमध्ये ठेवायची सोय होते का ते विचारा. घरोघरची भांडणं मी जवळून पाहते, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

माझ्या मैत्रिणीच्या घरी अजून रायफल आलेली नाही. मुलगी दर रविवारी रेंजवर जाते, क्लबच्या रायफलवर सराव करते. एका रविवारी वडील सोबत गेले, दोन तास मागच्या खुर्चीवर गप्प बसले. घरी आल्यावर म्हणाले, "स्थळवाल्यांना आपणच आधी सांगू. ज्यांना चालणार नाही, त्यांचा वेळ वाचेल." पाटल्यांचे पैसे मैत्रिणीनं लेकीच्या नावानं बँकेत वेगळे ठेवले आहेत.

सोनं आपण लेकीला देतो ते तिच्या अडीअडचणीला म्हणून. बऱ्याचदा ते सासरच्या लॉकरमध्ये जातं आणि तिला विचारल्याशिवाय मोडलंही जातं. तिच्या खांद्याच्या आणि गालाच्या मापानं बसवलेली रायफल दुसऱ्या कुणाच्या फारशी उपयोगाची नाही. ती खरोखर तिचीच राहते. तुमच्या लेकीला रायफल नको असेल. सतार हवी असेल, शिलाई मशीन हवं असेल, हिमालयात ट्रेकला जायचं असेल. पण एवढं करा मैत्रिणींनो, दुकानात जाण्याआधी तिला विचारा. आणि ती जे सांगेल, ते हसण्यावारी नेऊ नका.