‘क्रमशः’चा वाचक आणि त्याचा कौल

वाङ्मयाच्या बहुतेक प्रकारांत कृती आधी पूर्ण होते आणि वाचकाचा अभिप्राय मागाहून येतो. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथेची गोष्ट निराळी आहे. तिचा शेवट लेखकाच्या लेखणीतून उतरण्याआधीच वाचक तिच्याविषयी बोलू लागतो; प्रत्येक नव्या प्रकरणागणिक तो आनंदतो, रुसतो, तर्क लढवितो, क्वचित संतापतोही. हा अभिप्राय कितपत ग्राह्य धरावा? अपुऱ्या कृतीविषयी निर्णय देण्याचा अधिकार वाचकास आहे काय? या प्रश्नांचा विचार आम्ही येथे जपानमधील एका दीर्घ चित्रकथेच्या आधारे करणार आहोत. आमच्या विद्यालयातील मुले मधल्या सुटीत तिच्यावर ज्या तळमळीने वाद घालतात, ती तळमळ क्रमिक पुस्तकांच्या वाट्यास क्वचितच येते. तेव्हा हा विषय पोरखेळ म्हणून बाजूस सारणे शिक्षकास तरी शोभणार नाही.

ही कथा म्हणजे मासाशी किशिमोतो यांची ‘नारुतो’. चित्रकथेस जपानी भाषेत ‘मांगा’ म्हणतात. शुएइशा या प्रकाशनसंस्थेच्या ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात ‘नारुतो’चे पहिले प्रकरण सप्टेंबर १९९९ मध्ये आले आणि सातशेवे, म्हणजे अखेरचे प्रकरण १० नोव्हेंबर २०१४ रोजी. पुस्तकरूपाने तिचे बहात्तर खंड झाले. हेरगिरी, वेषांतर व छुपे हल्ले यांत निष्णात अशा जुन्या जपानी योद्ध्यांस ‘निन्जा’ म्हणतात. अशा निन्जांच्या गावातील नारुतो नावाच्या एका पोरक्या मुलाची ही कथा. त्याच्या देहात नऊ शेपटांचा एक विध्वंसक कोल्हा मंत्रबळाने कोंडलेला आहे, म्हणून गाव त्याला दूर लोटते. आणि त्याच गावाचा प्रमुख व्हावे ही त्याची आकांक्षा.

निन्जाची कथा हप्त्याहप्त्याने सांगण्याची प्रथा जपानात मुळीच नवी नाही. १८३९ ते १८६८ या काळात ‘जिराइया’ नामक वीराची सचित्र कथा लाकडी ठशांनी छापून भागाभागाने प्रसिद्ध होत होती. तिचे त्रेचाळीस भाग निघाले व ते एकामागून एक अनेक लेखकांनी लिहिले. कथा चालू असतानाच, १८५२ मध्ये, तिच्यावर काबुकी नाटकही आले. त्या कथेत जिराइयाला बेडकाची विद्या अवगत आहे, त्सुनादेला गोगलगाईची आणि ओरोचिमारूला सर्पाची. किशिमोतो यांनी ही तिन्ही नावे आणि तिन्ही विद्या आपल्या कथेतील तीन थोर निन्जांस दिल्या आहेत. पुढे विसाव्या शतकात सानपेई शिरातो यांच्या ‘कामुई-देन’ या चित्रकथेने, १९६४ पासून सात वर्षे क्रमशः प्रसिद्ध होऊन, निन्जाकथेला सामाजिक विषमतेच्या प्रश्नाशी नेऊन भिडविले. म्हणजे ‘पुढे काय?’ हा प्रश्न घेऊन वाट पाहणारा वाचक तेथे पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेला आहे.

त्या वाचकाच्या हाती आधुनिक साप्ताहिकाने एक विलक्षण साधन दिले. ‘शोनेन जंप’च्या अंकासोबत एक छापील कार्ड येई. त्या अंकातील कोणत्या तीन कथा सर्वांत आवडल्या, हे वाचकाने त्यावर नोंदवून धाडावयाचे. या कौलाकडे पाहून संपादक कोणती कथा चालू ठेवावयाची आणि कोणती आवरती घ्यावयाची हे ठरवीत. कौल न मिळालेल्या कित्येक कथा दहा-वीस प्रकरणांतच संपत. १९९४ च्या अखेरीस ज्या साप्ताहिकाच्या एका अंकाच्या ६५ लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या, त्यात स्थान टिकविणे म्हणजे दर आठवड्याला परीक्षेस बसण्यासारखेच होते. सुमारे अठरा-एकोणीस पृष्ठांच्या प्रत्येक प्रकरणात काही घडले पाहिजे, आणि शेवटच्या चौकटीत काही अधांतरी राहिले पाहिजे, ही शिस्त या परीक्षेतून आली.

आता वाचकांच्या प्रतिक्रियांकडे वळू. त्यांत एक तक्रार नेहमी आढळते : ‘या आठवड्यात काहीच घडले नाही.’ ‘नारुतो’तील एखादे द्वंद्व कित्येक आठवडे चाले, तेव्हा ती ऐकू येणे स्वाभाविकच होते. तीच प्रकरणे खंडरूपाने सलग वाचणाऱ्यास ते द्वंद्व एका बैठकीत संपते आणि त्यातील विलंब खटकत नाही. दोन्ही अनुभव खरे आहेत. अडचण ही की लेखकास या दोन्ही वाचकांसाठी एकच पृष्ठ लिहावे लागते.

याहून महत्त्वाचा प्रश्न इताची या पात्राच्या निमित्ताने उभा राहतो. सासुके हा नारुतोचा सोबती व प्रतिस्पर्धी. त्याच्या थोरल्या भावाने, इताचीने, स्वतःच्या सगळ्या कुळाचा संहार केला आणि एकट्या धाकट्या भावास जिवंत सोडले. त्या भावाचा सूड हे सासुकेच्या जीविताचे उद्दिष्ट. वर्षानुवर्षे वाचकाने इताचीस निर्दय खलपुरुष मानले. नंतर २००८ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या काही प्रकरणांत उलगडा झाला की ते कूळ गावाविरुद्ध उठावाच्या तयारीत होते. यादवी टळावी म्हणून वडीलधाऱ्या सत्ताधाऱ्यांच्या आज्ञेवरून इताचीने ते कृत्य केले, आणि भावाच्या प्रेमापोटी त्याला वाचवून त्याचा द्वेष स्वतःवर ओढवून घेतला. हे सत्य सासुकेस कळते ते इताचीच्या मृत्यूनंतर.

या उलगड्यावरील प्रतिक्रियांत दोन पक्ष पडले, आणि आजही ते मिटलेले नाहीत. एक पक्ष म्हणतो की येथे कथेस शोकांतिकेची खोली लाभली. दुसरा विचारतो की ज्याने बालकांसह सारे कूळ मारले त्याला ‘त्यागी’ ठरविणे नीतीस धरून आहे काय? दुसऱ्या पक्षाचा प्रश्न आम्हांस सहज झटकून टाकण्याजोगा वाटत नाही. पण हा वाद उत्पन्न होण्यास तो दीर्घ विलंबच कारण झाला, हे ध्यानात घेतले पाहिजे. वाचकाने आपला निवाडा दिला, तो वर्षानुवर्षे बाळगला आणि मग त्याला तो पुन्हा तपासावा लागला. सासुकेची फसगत आणि वाचकाची फसगत येथे एकच होते. खंडरूपाने वाचणाऱ्यास ही गोष्ट कळते; हप्त्याने वाचणाऱ्याने ती भोगलेली असते.

वाचकाच्या भावनेचा कळस पात्राच्या मृत्यूप्रसंगी दिसतो. ‘अशिता नो जो’ या मुष्टियुद्धावरील चित्रकथेत रिकीइशी हे पात्र मरण पावले, तेव्हा २४ मार्च १९७० रोजी कवी-नाटककार शूजी तेरायामा यांच्या पुढाकाराने त्याचा अंत्यविधी खरोखरच करण्यात आला आणि सुमारे सातशे लोक त्यास उपस्थित राहिले! शहाण्यासुरत्या माणसांनी कागदावरील पात्रासाठी शोक करावा याचे कुणास हसू येईल. आम्हांस त्यात सहवासाचे बळ दिसते. जे पात्र महिनोन्‌महिने दर आठवड्यास भेटीस येते, ते घरातले होते.

‘नारुतो’ संपली तरी तिचा वंश चालू आहे. २०१६ मध्ये नारुतोच्या मुलाची कथा ‘बोरुतो’ सुरू झाली. प्रारंभी तिचे लेखन उक्यो कोदाची यांचे व चित्रे मिकिओ इकेमोतो यांची होती. २०२० च्या अखेरीपासून लेखनाची धुरा किशिमोतो यांनी घेतली, आणि २०२३ मध्ये तिचे दुसरे पर्व सुरू झाले. ही कथा मासिक हप्त्यांनी येते, म्हणजे प्रतीक्षा चौपट. शिवाय पहिल्याच प्रकरणाच्या आरंभी भविष्यकाळातील उद्ध्वस्त गाव दाखवून ठेवलेले आहे. त्यामुळे वाचक प्रत्येक नवे प्रकरण त्या एका दृश्याशी ताडून पाहतो : आपण त्याच्या जवळ आलो की नाही? जवळ न नेणारे प्रकरण त्याला व्यर्थ वाटते, मग ते स्वतः कितीही सरस असो.

मराठी वाचकास ही प्रतीक्षा परकी नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांच्याच ‘करमणूक’ या साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने लोकांच्या हाती पडली. आज आपण ती अखंड ग्रंथ म्हणून वाचतो. यमूचे पुढे काय होणार या चिंतेत आठवडा काढणाऱ्या तिच्या पहिल्या वाचकांचा अनुभव मात्र आपल्यास मिळणे नाही.

तात्पर्य, नव्या प्रकरणावरील प्रतिक्रियेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : त्या प्रकरणाने मनावर केलेला परिणाम आणि समग्र कथेविषयीचा निर्णय. पहिलीवर वाचकाचा पूर्ण अधिकार आहे. कंटाळा आला तर तो आला, डोळे भरून आले तर ते आले. दुसरी मात्र त्याने हातची राखून ठेवावी. उत्तरपत्रिकेचे पहिले पान वाचून कोणी शिक्षक विद्यार्थ्यास उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण ठरवीत नाही. पण त्या पानावर समासात खूण करण्यास हरकत नसते. मुलांना आम्ही इतकेच सांगतो की प्रकरण वाचून वाटले ते मोकळेपणाने बोला, आणि आपले मत तारखेसह वहीत टिपून ठेवा. कथा पूर्ण झाल्यावर ते पुन्हा वाचा. कोणते मत टिकले, कोणते बदलले व का बदलले, एवढे ज्याला सांगता आले तो टीकाकाराची पहिली इयत्ता उत्तीर्ण झाला असे आम्ही समजतो.