तोंडाला कापूस, पण बुरशी नव्हे

मागच्या मे महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईंचा सकाळीच फोन आला. "मोलीच्या तोंडाला कापूस चिकटलाय, काय करू?" मी म्हटलं, बुरशी असेल, बुरशीचं औषध घाला. तिसऱ्या दिवशी निम्मी टाकी मेली. विक्रीला तयार झालेले मासे होते ते. चूक माझी, म्हणून आज बोलतेय.

तो रोग जिवाणूंचा, नाव कॉलमनारिस. गप्पी, मोलीत नेहमी दिसतो. ओळखायचा कसा? बुरशीचे धागे लांब, फुललेले असतात आणि बहुतेक जुन्या जखमेवर येतात. कॉलमनारिसचा थर चपटा, करडा-पांढरा, अंगाला चिकटलेला. तो बहुधा ओठांवर दिसतो, नाहीतर पाठीवर खोगीर घातल्यासारखा पट्टा येतो. कल्ल्यांना लागला तर बाहेरून काहीच दिसत नाही, मासा नुसता वर येऊन धापा टाकतो. अशा वेळी एक-दोन दिवसांतही मासे जातात.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात आपण हीटर वाढवतो ना, ते इथे अजिबात करू नका. हे जिवाणू उबदार पाण्यात झपाट्याने वाढतात. उन्हाळ्यात टाकी सावलीत घ्या.

आजारी मासा लगेच वेगळा काढा. पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढलेलंच घाला. हवेचा पंप चालू ठेवा. गप्पी-मोलीला दर लिटरला एक ते दोन ग्रॅम खडेमीठ चालतं, आधी विरघळवून थोडं थोडं घाला. पण नुसत्या मिठावर विसंबू नका. पशुवैद्यांना किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात त्याच दिवशी विचारा. अँटिबायोटिक खाद्यातून द्यायचं ठरलं तर मासा खातोय तोवरच उपयोग. घरातल्या गोळ्या चुरून टाकीत टाकू नका, फिल्टरमधले चांगले जिवाणूही मरतात.

आमच्याकडे हा रोग आला तो नव्या माशांबरोबर, असं मला वाटतं. प्रवासाने दमलेले मासे आम्ही थेट भरलेल्या टाकीत सोडले होते. आता नवा माल तीन आठवडे वेगळा ठेवतो. जाळीही वेगळी. एकच जाळी असेल, तर धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा, मगच दुसऱ्या टाकीत घाला.