फोर बाय फोर गाडी आणि डिझेलचा हिशेब

भोसरी, मोशी, चाकणपासून थेट मंचर-जुन्नरपर्यंत माल पोहोचविणाऱ्या आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांकडे आज फोर बाय फोर गाड्या आहेत. कुणाकडे जुनी महिंद्रा जीप, कुणाकडे बोलेरो कॅम्पर, तर कुणी चाकणच्याच कारखान्यात बनणारी स्कॉर्पिओ-एन घेतलेली. तक्रार मात्र एकच : गाडी डिझेल फार पिते. कापडाच्या धंद्यात नफा आधीच पातळ. महिन्याला १,५०० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १० ऐवजी १२ किलोमीटर गेली, तर २५ लिटर डिझेल वाचते. लिटरला ९० रुपये धरले तर २,२५० रुपये झाले. एवढा निव्वळ नफा सुटायला किती ताके विकावे लागतात, ते ज्याचे त्याने पाहावे.

पहिली गोष्ट छोट्या लिव्हरची. नव्या गाडीत तेच काम बटण करते. या गाड्यांत फोर-व्हील लावले की पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. डांबरी रस्त्यावर तशी सोय नाही. मग टायर घासतो, गिअरवर ताण येतो आणि डिझेल जळते. म्हणून पुणे-नाशिक रस्त्यावर गाडी टू-व्हीलवरच हवी. जुन्या जीपच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब असतील, तर तेही 'फ्री'वर करावेत. नाहीतर पुढचा शाफ्ट उगाच फिरत राहतो. 'लो' तर फक्त खड्या चढाला किंवा रुतलेल्या गाडीला. त्यात त्याच वेगाला इंजिन दुपटीहून अधिक फिरते.

याचा अर्थ फोर-व्हील लावूच नये असा नव्हे. पावसाळ्यात काळ्या मातीत मागची दोन चाके जागच्या जागी फिरवत बसणे, हीदेखील डिझेलची नासाडीच.

कपड्याच्या गाठी टपावरच्या कॅरिअरवर रचण्याची आपली सवय महाग पडते, कारण वेग वाढला की वारा अडतो. माल आत, खाली ठेवावा. रिकामे कॅरिअर उतरवून ठेवावे. ताशी ८० ऐवजी ५०-५५ च्या वेगाने गेले तर बराच फरक पडतो. चाकणच्या तळेगाव चौकात गाड्या अडकल्या की इंजिन बंद करावे. मोशीच्या खाणींकडून येणे-जाणे असेल तर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीआधीच पाहावा. टायरची हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी.

ॲव्हरेज काढायचे तर टाकी काठोकाठ भरा, मीटर लिहून ठेवा, पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसले ते पाहून भागाकार करा. मात्र शौकापोटी मोठे, मातीचे टायर बसवले असतील तर मीटर खऱ्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो. जाड नक्षीमुळे ते टायर डांबरी रस्त्यावर डिझेल जास्त खातात हे खरे, पण मीटरच्या या फरकामुळे गाडी आहे त्याहून अधिक बदनाम होते.