भट्टीचा धूर आणि शेजाऱ्याचा हक्क

फजरची अजान होते तेव्हा मुंबईतल्या बेकरीचा कारागीर आपले अर्धे काम उरकून बसलेला असतो. रात्री मळलेले पीठ फुगलेले असते, भट्टी तापलेली असते आणि उजाडायच्या आत लादी पाव सायकलीवरून गल्लोगल्ली निघतो. वडापाव असो, पावभाजी असो की खिमा-पाव, या शहरातल्या कष्टकऱ्याचे पोट पावावर चालते. या धंद्यात इराण्यांचा आणि मुस्लिम कुटुंबांचा वाटा मोठा आहे. आपल्या नात्यात नाही तर मोहल्ल्यात तरी एखादा बेकरीवाला असतोच.

म्हणूनच 9 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला आदेश आपल्या घराघरांत चर्चेचा विषय झाला. लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या व खानावळींनी सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळावे, आणि नवा परवाना याच अटीवर मिळावा, असा तो आदेश. महापालिका एक वर्ष देणार होती. न्यायालयाने मुदत निम्म्यावर आणली.

"शहरात एवढ्या गाड्या धावतात, एवढी बांधकामे चालतात, मग आम्हीच का?" हा प्रश्न अनेकांनी विचारला. प्रश्न चुकीचा नाही. त्याच सुनावणीत बांधकामांच्या धुळीचा आणि वाहनांच्या धुराचाही विचार झाला. पण दुसऱ्याचा धूर आहे म्हणून आपला धूर माफ होत नाही.

मुंबईतल्या सुमारे दोनशे बेकऱ्यांची पाहणी एका पर्यावरण संस्थेने केली, तेव्हा जवळजवळ निम्म्या बेकऱ्या लाकडावर चालताना आढळल्या. एका बेकरीत दिवसाला सरासरी 130 किलो लाकूड लागते. एक किलो सुके लाकूड जळले की दीड किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय हे लाकूड बहुधा भंगारातले असते: मोडकी कपाटे, प्लायवूड, रंग दिलेले दरवाजे. त्यातला डिंक आणि रंग जळून जे निघते ते आधी कारागिराच्या छातीत जाते, मग वरच्या मजल्यावरच्या लेकराच्या.

आपल्या फुकहांना (धर्मशास्त्रज्ञांना) हा प्रश्न नवा नव्हता. ट्युनिसमधले गवंडीकामाचे उस्ताद इब्नुर्रामी यांनी चौदाव्या शतकात इमारतींच्या नियमांवर ग्रंथ लिहिला. हमामांचा आणि भट्ट्यांचा धूर शेजाऱ्याला त्रास देत असेल तर काय करावे, याची चर्चा त्यात आहे. उस्मानी सल्तनतीत 1869 ते 1876 या काळात तयार झालेल्या 'मजल्ला' या कायदेसंहितेनेही घराला लागून असलेल्या भट्टीच्या धुराने राहणे मुश्कील झाले, तर तो मोठा उपद्रव मानला आणि तो दूर करायला सांगितले. या सगळ्याच्या मुळाशी प्रेषितांची (स.) तीच शिकवण आहे: कुणाला इजा पोहोचवू नये. शेजाऱ्याचा हक्क बेकरीच्या भिंतीपाशी संपत नाही.

इथपर्यंत सांगणे सोपे आहे. खरी अडचण पुढे आहे.

आमच्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याचे वडील बेकरी चालवतात. पालकसभेनंतर थांबून ते म्हणाले, "सर, धूर मलाही नको आहे. मी तिथेच झोपतो. पण नवी भट्टी बसवायला काही लाख लागतात. तोवर काम बंद. माझ्याकडच्या माणसांनी गावी काय पाठवायचे? सरकारी अनुदान आहे, पण ते बँकेच्या कर्जाला बांधलेले. आणि कर्ज व्याजाचे."

त्यांनी नेमके बोट ठेवले. लहान खाद्यउद्योगांसाठी 2020 साली केंद्र सरकारने आणलेल्या योजनेत (पीएमएफएमई) चालू व्यवसायाला यंत्रसामग्रीच्या खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान आहे. किमान 10 टक्के स्वतःचे, बाकी बँकेचे कर्ज. ज्याला व्याजात पडायचे नाही, तो या दारातूनच परत फिरतो. मजबुरीत काय करावे हे ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. पण त्याला मजबुरीपर्यंत एकटे सोडून देणे, हा आपल्या सगळ्यांचा दोष नाही का?

कर्जे हसनाची तालीम आपल्याकडे आहे. लग्नासाठी, आजारपणासाठी ते दिले जाते. धंद्याच्या बदलासाठी क्वचितच. साधा हिशेब करू. मोहल्ल्यातल्या 50 घरांनी प्रत्येकी 10,000 रुपये दिले तर 5 लाख जमतात. बेकरीवाल्याने रोज 1,000 रुपये बाजूला ठेवले तर 500 दिवसांत सगळी रक्कम परत. ज्यांची घरे बीसी चालवतात, त्यांना हे नवीन नाही. मात्र सूरह बकरहने सांगितल्याप्रमाणे व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत. भरवशाची माणसेसुद्धा विसरतात.

बेकरीवाल्यांनी करायच्या गोष्टीही आहेत. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. ती नसेल तर आधी करावी. आपल्या रस्त्यापर्यंत गॅसची पाइपलाइन आली आहे का, ते पाहून अर्ज द्यावा. महिनाभर रोजचे इंधन आणि रोजचा पाव वहीत लिहावा. बदलानंतर फायदा की तोटा, हे त्या वहीवरूनच कळेल. चार लहान बेकऱ्यांनी मिळून एक मोठी भट्टी घालणे जमते का, हेही पाहावे. शिरकत, म्हणजे भागीदारी, आपल्याकडे जुनीच आहे.

गॅस म्हणजे शेवटचे उत्तर नव्हे. तोही जमिनीतून काढलेला इंधनसाठाच, आणि आपल्या राज्यातली बरीचशी वीज कोळशाची. मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये जाहीर केलेल्या हवामान आराखड्यात 2050 पर्यंत शहराचे कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचे ठरवले आहे. त्या वाटेवर ही पहिली पायरी. पुढे छतावरची सौर वीज, उष्णता न गळणारी भट्टी हेही करावे लागेल.

आणि आपण, जे रोज पाव खातो? "लाकडाच्या भट्टीची चव गॅसला नाही" असे दुकानात उभे राहून म्हणणे सोडू या. पाव थोडा महागला तर घासाघीस करण्याआधी त्या भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाची छाती आठवू या. या जुम्याला नमाज झाल्यावर आपल्या बेकरीवाल्याला फक्त एवढे विचारा: "भाई, नव्या भट्टीचे काय ठरले? काही कमी पडते आहे का?"

हलाल रोजीत बरकत असते. ती कमावताना शेजाऱ्याचा श्वास कोंडू नये आणि कमावणारा एकटा पडू नये, एवढी तौफीक अल्लाह तआला आपल्याला देवो. आमीन.