द्यूत आणि सभा

सिगालोवाद सुत्तात द्यूताचे सहा अपाय सांगितले आहेत. धनहानी त्यांत आहेच; परंतु आम्हांस चौथा अधिक मार्मिक वाटतो : जुगाऱ्याचे वचन सभेत ग्राह्य ठरत नाही.

इटलीचा फुटबॉलपटू सांद्रो तोनाली याला ऑक्टोबर २०२३ मध्ये फुटबॉल सामन्यांवर पैजा लावल्याबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १० महिने खेळबंदी. उरलेल्या ८ महिन्यांऐवजी व्यसनोपचार आणि १६ जाहीर व्याख्याने. ज्याचे वचन सभेत चालू नये, त्यालाच सभेत उभे केले! परंतु सुत्त ज्याला दोष देते तो 'अनुयोग', म्हणजे द्यूताला सतत जडून राहणे. उपचार त्या जडण्यावरच होता. ऑगस्ट २०२४ मध्ये तोनाली पुन्हा मैदानात उतरला.