इंजिन बदलले, तरी ती जोंगाच का?

कामठीची छावणी शेजारीच असल्याने नागपूरकरांना हिरव्या लष्करी गाड्यांचे तसे अप्रूप नाही. तरीही रस्त्यावर एखादी जुनी जोंगा दिसली की मान वळतेच. नाव आफ्रिकेतल्या जनावरासारखे, पण माहेर आपल्या शेजारचे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ची आद्याक्षरे जुळवून ते झाले. आराखडा जपानच्या निसानचा. १९६९ पासून सुमारे तीन दशके ती लष्करासाठी तयार होत होती. तिचा थोरला भाऊ ‘निसान वनटन’ ट्रक. दोघांचे काळीज एकच, सहा सिलिंडरचे ३९५६ सीसीचे पेट्रोल इंजिन.

लष्करी लिलावातून या गाड्या लोकांच्या दारात आल्या आणि पंचाईत झाली. लष्कराला पेट्रोल घरखर्चातून भरायचे नव्हते! नव्या मालकाला मात्र चार-पाच किलोमीटरला एक लिटर संपताना दिसू लागले. मग मिस्त्रीने हाताशी असलेले डिझेल इंजिन बसवले. खर्च आटोक्यात आला. पण डिझेल इंजिनाचे फेरे कमी आणि गिअरपासून चाकांपर्यंतचे गणित पेट्रोलसाठी मांडलेले. गाडीचा वेग उतरतो, वजन वाढले तर पुढचे पाटे दबतात, आणि थरथर अशी की हातातला चहा सांडावा.

शक्तिमान ट्रकवाल्यांचे बरे! जर्मनीच्या मॅन कंपनीचे ते वाण १९५९ मध्ये जबलपुरात आले तेच डिझेल इंजिन घेऊन.

कायद्याचाही पेच आहेच. परवानगीवाचून इंजिन बदलता येत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नाशी उलटलेली, मूळ रूपातली गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते. इंजिनात मोठा फेरफार केला की तो मान गेला. मान मिळाला तरी ती रोज बाजाराला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणे, एवढीच मुभा.

माझे मत विचाराल, तर इंजिन राहू द्यावे आणि भोवतालचे सुधारावे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी भर चौकात बसते. विजेवरचा पंप लावला, नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर नेली, रेडिएटर साफ करून घेतला, की निम्मे दुखणे पळते. हे सारे उद्या काढूनही टाकता येते.

आणि डिझेल बसवायचेच असेल, तर रीतसर परवानगी घेऊन. मूळ इंजिन मात्र भंगारात देऊ नये. तेल पाजून, ताडपत्रीत गुंडाळून घराच्या कोपऱ्यात ठेवावे, घरच्यांनी कितीही कुरकुर केली तरी.